लुक्कातली ओटी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गाझियाबादच्या कारखान्यांत परदेशी यंत्रं येऊ लागली आणि ती समजून घ्यायला इथली माणसं परदेशी जाऊ लागली. माझा नवरा कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांचं नवीन यंत्र इटलीतल्या लुक्का नावाच्या जुन्या गावात तयार होत होतं, म्हणून त्याला सहा आठवडे तिकडे पाठवलं. शेवटच्या दहा दिवसांत माझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती. "तू ये, आणि आईलाही घेऊन ये," तो फोनवर म्हणाला. "सोसायटीत एकटी काय करणार यार ती?"

सासूबाई तशा आमच्यातही एकट्याच असायच्या. सासऱ्यांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही या नव्या सोसायटीत आलो आणि सहा महिन्यांत ते गेले. तेव्हापासून सासूबाई माणसांतून हळूहळू मागे सरकत गेल्या. लिफ्टमध्ये कुणी असलं तर "तुम्ही व्हा पुढे" म्हणायच्या. दुपारभर बाल्कनीत बसून समोरची मोहरीची शेतं बघायच्या. तीही दर महिन्याला थोडी थोडी कमी होत होती. हवापालट झाला की आई पूर्वीसारखी होईल, अशी नवऱ्याला आशा होती. मला नव्हती. खरं सांगायचं तर मला ते दहा दिवस दोघांनीच हिंडायचं होतं, आणि त्या येणार म्हटल्यावर मी दोन दिवस घरात भांडी आपटत होते.

त्यांच्या बॅगेत मेतकुटाच्या डब्याशेजारी एक कापडी पिशवी निघाली. आत दोन खण, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या आणि नारळ.

"अहो आई, तिकडे कुणाची ओटी भरणार आहात?"

"कुणी घरी बोलावलं तर रिकाम्या हाताने जायचं का?"

नारळ मी काढून ठेवला. विमानतळावर साहेब लोक तो नारळ हलवून बघतायत आणि मी ओशाळून उभी आहे, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

लुक्काभोवती चारही बाजूंनी तट आहे आणि तो इतका रुंद आहे की वर झाडांच्या दुतर्फा रांगा लावल्या आहेत. लोक तिथे सायकली चालवतात, बाबागाड्या ढकलतात, बाकांवर बसून पेपर वाचतात. नवरा कामावर गेला की आम्ही दोघी तटावर जायचो. साडी, त्यावर त्याचा जुना स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट अशा वेषात सासूबाई संपूर्ण गावाला फेरी मारायच्या. पानं पिवळी होऊन गळत होती. खाली एका अंगाला कौलारू छपरं आणि चर्चचे मनोरे, दुसऱ्या अंगाला हिरवळ आणि पलीकडे डोंगर. "आपल्याकडे किल्ल्याला कुंपण घालतात आणि तिकीट लावतात," त्या म्हणाल्या. "इथे बघ, घरच्यासारखा वापरतात." समोरून कुणी आलं की मात्र बाजूला होऊन वाट द्यायच्या, एवढा रुंद तट असूनसुद्धा. ते बघून मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

जेवणाची त्यांची एकच तक्रार होती. तिथल्या पावात मीठ नसतं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बेकरीवाला विसरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पर्समध्ये मिठाची पुडी ठेवायला सुरुवात केली.

रविवारी नवऱ्याच्या तिथल्या सहकाऱ्याने आम्हाला आपल्या आईकडे जेवायला नेलं. त्याच्या छोट्या गाडीतून आम्ही डोंगर चढलो. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांत राखाडी-हिरवी ऑलिव्हची झाडं. झाडांखाली जाळ्या अंथरल्या होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ शिडीवर चढून फांद्या विंचरल्यासारखी फळं खाली पाडत होते. आम्हाला बघून त्यांनी टोपी उंचावली. दारात सहकाऱ्याची आई उभी होती. सत्तरीची असेल, अंगात लालभडक स्वेटर, ओठांना लाली, बोटात अंगठी. तिने सासूबाईंना सरळ मिठीतच घेतलं. सासूबाई आखडून उभ्या राहिल्या.

जेवणात वालासारख्या दाण्यांचं दाट सूप होतं आणि त्यात कसलेसे गहू. एक घास घेतला आणि सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "अगं, ही खपली आहे! आमच्या माहेरची खपली!" नवऱ्याने भाषांतर केलं. तिकडून उत्तर आलं की हे दाणे इथल्याच डोंगरातले, फार जुने. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसत राहिल्या. दोन वर्षांत सासूबाईंना दुसऱ्यांदा वाढून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी मला हळूच कोपऱ्यात बोलावलं आणि पिशवी हातात दिली. "तू भर ओटी. सवाष्ण आहे ती, यजमान बाहेर झाडावर आहेत. मी इथे बाजूला थांबते."

मला त्या वेळी आमच्या घरची संक्रांत आठवली. हळदीकुंकवाला सोसायटीतल्या आणि आसपासच्या मराठी बायका यायच्या होत्या. सासूबाईंनी तिळाचे लाडू वळून दिले, वाण मांडून दिलं आणि पहिली बेल वाजताच आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मी त्यांना लाडू आत नेऊन दिला. मी शिकवणारी, वर्गात मुलींना मोठमोठ्या गोष्टी सांगणारी. पण त्या दिवशी बायका काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी पर्समधली टिकली काढून त्या बाईंना लावली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, आणि नारळाच्या जागी आम्ही बाजारातून घेतलेलं डाळिंब, असं सगळं त्यांच्या ॲप्रनच्या ओच्यात घातलं. त्या हरखून गेल्या. तेवढ्यात ते टोपीवाले गृहस्थ आत आले आणि सहकारी म्हणाला, "हे माझे मामा. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते असते तर त्यांना फार मजा वाटली असती."

सासूबाईंना इंग्रजी तेवढं कळत होतं. त्यांचा चेहरा उतरला. "काय करून बसलो आपण," त्या पुटपुटल्या. "तिला किती लागलं असेल!"

त्या बाईंना काही लागलेलं दिसत नव्हतं. खण खांद्यावर टाकून त्या आरशात बघत होत्या. मग त्यांनी मुलाला विचारलं, मुलाने मला: याचा अर्थ काय? मी म्हटलं, "पाहुण्या बाईने घरच्या बाईला द्यायचं, तुझं घर भरलेलं राहो म्हणून." यापेक्षा जास्त सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यांनी मान डोलावली आणि त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात परडी होती: अक्रोड, चेस्टनट, ऑलिव्हची एक डहाळी, टोमॅटोसारखी दिसणारी दोन पिकलेली पर्सिमन फळं. मला ओलांडून त्या थेट सासूबाईंपुढे उभ्या राहिल्या आणि स्वतःचा ॲप्रन धरून दाखवत खुणेने म्हणाल्या, असं धर.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मुलाकडे नाही, माझ्याकडे. मी 'घ्या ना' म्हणायला हवं होतं. मी टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करत राहिले.

त्यांनी पदर पसरला. अक्रोड पडू लागले तसे त्या "बस, बस, और नहीं" असं चक्क हिंदीत म्हणायला लागल्या, आणि ती बाई थांबेना.

परतताना दोघे पुरुष पुढे बसून यंत्राबद्दल बोलत होते. मागे सासूबाई मांडीवर पदराचं गाठोडं धरून होत्या. तट दिसू लागला तेव्हा म्हणाल्या, "अगं, यंदा संक्रांतीला मलाही बोलाव."

"आई, घर तुमचं आहे. तुम्हाला काय बोलवायचं?"

"नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मागच्या वेळी मी दाराशी कान लावून बसले होते. वाटलं, आता हाक मारशील."