महादेव कोंडला त्या साली

देव आपलं ऐकत नाही असं वाटलं की माणूस देवालाच दटावायला निघतो. मी तर त्यात पटाईत. गावच्या दंढारीच्या नाटकात रावणाचं सोंग माझं ठरलेलं, म्हणून आवाजही तसाच. सलग दुसऱ्या वर्षी मृगाने चार शिंतोडे दाखवून तोंड फिरवलं. पऱ्हाटी वीतभर वाढून करपली, शेतातल्या भेगांत माझी काठी मुठीपर्यंत जायची. तहसीलदारसाहेब घोड्यावरून आले, पाहून गेले. गावात एकाच विहिरीच्या तळाशी पाणी उरलं होतं.

आमच्याकडे पाऊस ताणला की महादेव कोंडतात. गाभाऱ्यातून पाणी जायची मोरी चिखलाने लिंपायची आणि पिंड बुडेपर्यंत घागरी ओतायच्या. देव गुदमरला की पाऊस सोडतो, अशी समजूत. म्हातारे कचरत होते. मीच पारावर चढून गरजलो, "त्याच्या नाकातोंडात पाणी जाऊ द्या, मंग पाहा कसा हालते!" लोक हसले आणि कामाला लागले. मोरी मी माझ्या हाताने लिंपली. वर शपथ घातली, की पाऊस येईपर्यंत या पाण्याला कोणी हात लावायचा नाही.

दुपारी पिंड बुडाली तेव्हा विहिरीत गाळ उरला होता. त्याच वेळी मानोऱ्याकडच्या तांड्यातली एक म्हातारी बंजारीण दोन बैल हाकत देवळापाशी आली. चाऱ्याच्या शोधात निघाली होती.

"बापू, बैलाले घागरभर पाणी दे. जिभा भायेर आल्या त्याह्यच्या."

"याडी माय, देवालेच पुरून नाही राह्यलं, तुह्या बैलाले कुठचं देऊ? नंदी असन तर पाठव आत!"

पुन्हा हशा. ती हसली नाही. कळसाकडे पाहून तिने नमस्कार केला आणि अरुणावतीच्या कोरड्या पात्राकडे वळली. तो नमस्कार आठवला की आजही मान खाली जाते.

दिवस कलताना घरी आलो तर माझा हौशा बैल गोठ्यात आडवा पडलेला. घरातल्या घागरी रिकाम्या. बायको एवढंच म्हणाली, "देवाले पाजून आले ना? आता याले काय सांगू?" विहिरीवर धावलो, बादलीत गाळ आला. देवळात गेलो, तर पाणी डोळ्यांसमोर आणि शपथ माझीच. पायरीवरून परतलो. हौशाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. रावणाचा आवाज कुठे गेला कोण जाणे. 'महादेवा' एवढंच तोंडातून आलं, तेही अर्धं.

तेवढ्यात गोठ्याच्या दारात तीच म्हातारी. डोक्यावर घागर.

"नदीत झिरा खंदला," ती म्हणाली. "थेंब थेंब पाणी साचलं, तवर एक बैल गेला माह्या. त्याच्या वाटणीचं हे राह्यलं. वाटेनं तुह्या पडलेला दिसला, त्याले पाज."

"माय, मी तुले..."

"मंग बोल. पयले पाज. एकदम नको, थोडं थोडं."

बऱ्याच वेळाने हौशाने कान हलवला. मी वर पाहिलं तेव्हा ती गेली होती. मी तसाच देवळात गेलो आणि मोरीचा चिखल नखांनी उकरला. पाणी बाहेरच्या कुंडात पडू लागलं, तशी गावातली गुरं धावली.

"अरे, शपथ तुहीच ना?" कोणी तरी ओरडलं.

"माहीच. पाप बी माह्यंच."

पाऊस त्या वर्षी आलाच नाही. काही जण त्याचा दोष माझ्यावर ठेवतात, मी नाकारत नाही. काहींना वाटतं, ती पार्वतीच होती. मला तसं म्हणवत नाही, कारण पार्वतीचा बैल तहानेने मेला नसता. पुढे कितीतरी तांडे पालथे घातले, ती भेटली नाही. हौशाने मात्र बरीच वर्षं माझी तिफण ओढली. देवाला मग मी कधी काही सुचवलं नाही. ज्याने तिला माझ्या दारी आणलं, त्याच्यापुढे नुसता हात जोडून गप्प बसतो. माझ्यासारख्या तोंडाळाला गप्प बसता आलं, हाही त्याचाच प्रसाद.