साखराबाईंचा न चाखलेला खिमा

माझ्या सासूबाई, साखराबाई, यांनी जन्मात मटनाचा एक घास खाल्ला न्हाई. आन अख्ख्या केदारखेड्यात खिमा खावा तर त्यांच्याच हातचा, असं लोक म्हणतात. माहेराहून आल्या तव्हाच गळ्यात तुळशीची माळ होती. सासर मेंढरावाल्यांचं, इथं रविवार मटनाबिगर जायचा न्हाई. मंग त्यांनी मधला रस्ता काढला. मटनाची चूल अंगणात, पत्र्याखाली. भगुनं वेगळं, पळी वेगळी. शिजवायचं, पण जिभेला लावायचं न्हाई.

आता न चाखता मिठाचा अंदाज कसा यावा? तर पळी हातात धरून त्या हाक मारायच्या, "अवो, मीठ बघा." माझे सासरे, राधाकिसनमामा, बाजेवरून उठून यायचे, तळहातावर घेऊन चाटायचे आन म्हणायचे, "चिमूटभर टाक." चाळीस वर्षं हेच. मी टेंभुर्णीहून लग्न करून आले तव्हा आईला फोनवर सांगितलं होतं, आमच्यात एका भाजीला दोन माणसं लागतात.

दिवाळीनंतर मामांच्या छातीत कळ आली. जालन्याला नेलं, दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टरांनी मटन बंद केलं, आन घरी आल्यावर मामांनी जेवणच बंद केलं. पुढं दोडका ठेवला की त्याच्याकडं असे बघायचे, जसं काय कळ दोडक्यानंच आणली. महिन्यात पाच किलो उतरले. पायजमा कमरेवर थांबंना.

माझा नवरा सुग्रीव बदनापूरला नोकरीला. त्याच्या दोस्तानं टर्की पाळल्यात, त्या मोठाल्या इलायती कोंबड्या. डॉक्टर म्हणाले, बिनचरबीची छाती चालंल, तेल बेतानं. मंग सुग्रीवनं ती मशीनवर बारीक करून डब्यात आणली आन दारातच आम्हाला दम दिला, "आबाला सांगायचं, कवळ्या बोकडाचं हाय. टर्की म्हणलं तर हात लावायचे न्हाईत. आन चुलीकडं येऊ देऊ नका, रंग बघून वळखतील."

ज्या माणसानं पन्नास वर्षं शेरडं-मेंढरं राखली, त्याला टर्की दाखवून बोकड म्हणायचं. ही अक्कल माझ्या नवऱ्याचीच. मी बी हो म्हणले, म्हणजे मी काय लई शहाणी न्हाई.

रविवारी मामांना बैठकीत टीव्हीपुढं बसवलं. सासूबाईंनी डबा उघडला, तर आत फिक्कट गुलाबी गोळा. "ह्याला चरबी कुठं हाय गं?" त्या म्हणाल्या. बोकडाच्या खिम्याला तेल सुटतं, म्हणून त्या फोडणीला नावालाच तेल घालतात. इथंबी तेवढंच घातलं. टर्कीला काय सुटायचं होतं, कपाळ? खिमा तळाला लागला. पळी उचलून त्यांनी सवयीनं बैठकीकडं मान वळवली, मंग जीभ चावली आन हळूच म्हणाल्या, "वर्षा, तू बघ."

मी चाखलं. लाकडाचा भुसा, वरून काळा मसाला. सासूबाई माझ्या तोंडाकडं अशा बघून राह्यल्या की मला खरं बोलायची हिंमत झाली न्हाई. "मस्त झालंय, आत्या," मी म्हणले. मामांनी दोन घास खाल्ले आन ताट सारलं. "भूक न्हाई."

माझ्या जिभेवरचा भरवसा उडाला. दुसऱ्या रविवारी चाखायला शेजारच्या चांगुणाबाईला बोलावलं. सासूबाईंनी पाणी वाढवलं होतं, त्यामुळं खिमा खाली बसला आन पाणी वर तरंगत राह्यलं. चांगुणाबाईनं फुकटच्या तीन वाट्या वरपल्या आन म्हणाली, "बिलकुल हॉटेलवाणी." मामांचे परत दोनच घास. सोमवारी काट्यावर आणखी किलोभर कमी भरलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पुढच्या सोमवारी असंच राह्यलं तर भरती करून सलाईन लावणार.

तिसऱ्या रविवारी चूल पेटली आन माझं डोकं फिरलं. सासूबाईंचा जीव टांगणीला, आन हे बाबा बैठकीत हाताची घडी घालून बसलेले. मी समोर जाऊन म्हणले, "मामा, त्या बोकडानं तुमचं काय वाईट केलं, सांगा तरी."

"बोकड कुठला. टर्की हाय ती," मामा शांतपणे म्हणाले. "सुग्र्या बदनापूरहून आणतो. सगळ्या गल्लीला माहीत हाय."

"मंग खात का न्हाई?"

मामांनी टीव्ही बंद केला. मंग म्हणाले, "चाळीस वर्षं तिनं मीठ मला इचारलं. दवाखान्यातून आलो, तवापासून एक हाक न्हाई. तुला इचारते, त्या चांगुणीला इचारते. मला वाटलं, आपलं ह्या घरातलं काम संपलं. काम न्हाई तर भूक कशाची लागंल?"

मला रडू आलं, आन सुग्रीवचा असा राग आला की तो समोर असता तर त्यानं माझी बोलणी खाल्ली असती. मी अंगणात गेले आन सासूबाईंना शब्द न शब्द सांगितला. त्यांनी चुलीतला जाळ कमी केला. मंग पळी भरली आन घसा साफ करून हाक मारली, "अवो, मीठ बघा."

मामा आले. उलट्यासुलट्या चपला घालून आले. तळहात पुढं केला, चाटला, डोळे मिटले.

"लई बेकार झालंय," ते म्हणाले. "दोन रविवार हेच खाऊ घातलं मला? चमचाभर तेल सोड. एक टमाटा चिरून टाक. वर झाकण ठेव, ह्याला वाफ पाहिजे."

सासूबाईंनी मान खाली घालून तेल सोडलं. त्यांना राग आला न्हाई. महिनाभरात त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झालेला मी बघितला. पाच मिनिटांनी परत पळी, परत तळहात. "आता मिठाला कमी हाय." परत पळी. "तिखट बराबर, पण अजून शिजू दे." मामांनी पाट ओढला आन चुलीपाशी मांडी घातली.

मी भाकरी घेऊन वाढायला गेले तव्हा निम्मं भगुनं रिकामं झालं होतं, आन मामा तळहात पुढं करून म्हणत होते, "अजून एकदा दे, अंदाज येईना."