जाळी आणि भिंत यांच्यामधली फट

कोंबड्यांना जाळीचं आवार करायचं ठरलं ते कोंबड्यांसाठी नव्हतंच. ते मामाजींसाठी होतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. गेल्या काही वर्षांत त्यांना एकेक विसरायला होत गेलं. आधी गावातली माणसं गेली, मग मी, मग पोटचा पोरगा. कोंबड्या तेवढ्या राहिल्या. सकाळी उठून खुराड्याचं दार उघडायचं आणि त्या जातील तिकडे त्यांच्यामागे फिरायचं, एवढंच त्यांना कळायचं. आणि कोंबड्या जातात कुठे? घरामागच्या बांधावरून थेट जंगलाच्या कडेला! त्याच कडेला उन्हाळ्यात मोहफुलं वेचणारी एक बाई वाघानं नेली होती, आणि आमचे मामाजी तिथेच एका झुडपाखाली तुरेवाल्या कोंबडीशी बोलत बसलेले सापडले.

म्हणून आवार. खुराडं मातीचं, घराच्या मागच्या भिंतीला टेकून बांधलेलं. त्याच्या दारासमोर बांबू रोवून जाळी फिरवली, वरूनही झाकली. दाराच्या फळीला दोरी बांधून ती जाळीबाहेर काढली, म्हणजे मामाजींनी बाहेरून ओढली की फळी वर उचलली जाते आणि कोंबड्या आवारात येतात. कोंबड्या आत, म्हणजे मामाजी अंगणात. सगळं जमलं, अडलं ते जाळी खुराड्याला जोडताना. मातीच्या भिंतीत खिळा ठोकला की ढेकूळ खाली आणि खिळा हातात.

मी म्हटलं, "तिथी लाकडाची चौकट बसवा, जाळी तिच्यावर बांबूच्या कामट्यानं दाबून ठोका, अन् खाली वीतभर गाडा."

आमचे हे हसले. "कोंबड्यायले राजवाडा बांधून राह्यली का व तू?" आणि चिखलात शेण कालवून सगळी फट लिंपून टाकली. आमच्याकडे हे असंच. भिंत फुटली, लिंपा. चूल तडकली, लिंपा.

"अवो, पागोळ्या इथीच पडते ना!" मी ओरडले.

"धानाची रोवणी झाली की पाहू," म्हणाले.

खोटं कशाला बोलू, थोडे दिवस फार सुखाचे गेले. मामाजी सकाळी दोरी ओढायचे आणि दिवसभर जाळीपाशी बसायचे. भाताचं ताट मी तिथेच न्यायची. "तुरेवाली आज रुसून राह्यली," असं मला सांगायचे. मी कोण, ते ठाऊक नसताना सांगायचे. मी हसायची. किती दिवसांनी हसत होते मी.

मग रोवणी लागली. आम्ही दोघंही दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेलो, आणि पाऊस काही थांबेना. एका दुपारी मी घरी आले तर मामाजी जाळीत बोटं अडकवून उभे. चिंब भिजलेले, थरथरत होते. आत पिसंच पिसं. पागोळ्यांनी लिंपण धुऊन नेलं होतं आणि त्या फटीतून मुंगूस शिरलं होतं. मेल्यानं एकही ठेवली नाही. मामाजींनी ते सगळं बाहेरून पाहिलं होतं. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. "बाई, यायले काढ ना बाहेर," ते मेलेल्या कोंबड्यांकडे बोट दाखवून मला म्हणत होते.

त्या दिवशी नवऱ्याला मी काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. ते चिखलाचे हात घेऊन पायरीवर बसून राहिले.

नंतर त्यांनीच चौकट करून आणली, जाळी नीट ठोकली. बाजारात हिंडून तशाच रंगाच्या कोंबड्या आणल्या, एक तुरेवालीसुद्धा. मामाजींच्या हातात दोरी दिली. त्यांनी ओढली. कोंबड्या बाहेर आल्या. मामाजींनी वाकून एकेक न्याहाळली. स्वतःच्या पोराला न ओळखणारा माणूस म्हणाला, "ह्या आपल्या नाई. आपल्या जंगलात गेल्या." आणि दोरी सोडून बांधाकडे चालू लागले.

हात धरून आणलं. पुन्हा गेले. पुन्हा आणलं. एकदा नाल्यापलीकडून आणलं, तेव्हा मात्र आम्ही हरलो.

उरलेली जाळी पडवीला लावली. या वेळी मी कोणाचं ऐकलं नाही. आधी चौकट बसवली, तिच्यावर जाळी, जाळीवर कामट्या, आणि खाली वीतभर गाडली. भिंत आणि जाळी यांच्यात आता बोटही शिरत नाही. मी रोज चाचपून बघते. मामाजी आत उभे असतात, जंगलाकडे तोंड करून. जीव तुटतो हो, पण करू काय? मी शेतावर निघाले की हाक येते.

"बाई, कोनाची व तू? दार खोल ना. कोंबड्या अजून घरी नाई आल्या."

मी कुलूप ओढून बघते आणि निघते.