सरांचा चुकलेला अंदाज

गद्रे सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी हिंजवडीत आमच्या कंपनीच्या वार्षिक नफ्याचा आकडा ठरवत बसलो होतो. ठरवत... हा शब्द सरांना आवडला नसता. नफा मोजायचा असतो. पण अमुक इतका नफा होईल असं आम्ही बाजाराला सांगून बसलो होतो आणि थोडं कमी पडत होतं, म्हणून पुढच्या वर्षीच्या कामाचं एक बिल मी या वर्षात ओढलं. आकडा बसला. माझी सही तेवढी राहिली होती.

सरांनी आम्हाला कॉलेजात अकाउंटन्सी शिकवली ती उदारीकरणाच्या पहिल्या वर्षांत. शेअरचे अर्ज भरायला आम्ही तास बुडवायचो, आणि सर मात्र कंपन्यांचे नफे दरवर्षी इतके सरळ कसे वाढतात यावर संशोधन करत होते. वार्षिक अहवाल घरपोच यावा म्हणून त्यांनी कितीतरी कंपन्यांचा एकेकच शेअर घेतला होता. स्टाफरूममध्ये टिंगल व्हायची. सर म्हणायचे, "तुम्ही श्रीमंत व्हा, मी वाचतो."

अहवाल वाचून झाला की शेवटच्या पानावर ते पेन्सिलीने पुढच्या वर्षीच्या नफ्याचा अंदाज लिहायचे. वर्षाने आकडा वेगळा आला, की त्याखाली 'चुकलो' असं लिहून खुशीत चहा मागवायचे. चुकल्याचा आनंद कसला, असं मी एकदा विचारलं.

"अरे, खऱ्या धंद्याचा नफा मला घरबसल्या कसा कळेल? कळला, तर समज की त्यांनी तो बसवलाय."

एका कंपनीचा अंदाज तंतोतंत जुळला, त्या दिवशी सरांनी चहा मागवला नाही. दोन वर्षांत ती कंपनी बुडाली.

तेरावा झाल्यावर कोथरूडला सरांच्या घरी काकूंना भेटायला गेलो. "तुझ्या कंपनीचा हा ते वेगळा ठेवायचे," असं म्हणत त्यांनी आमचा गेल्या वर्षीचा अहवाल हातात दिला आणि त्या आत गेल्या. मी शेवटचं पान उघडलं. पेन्सिलीतला आकडा आमचाच होता, अगदी शेवटच्या हजारापर्यंत. सर गेले त्या दिवशी मी जो बसवला, तोच. दुपारची वेळ, खोलीत मी एकटा... तरी कुणीतरी माझा पेपर तपासतंय असं वाटून मी चक्क उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते बिल बाहेर काढलं. नाहीतर सही करणार नाही, असं वरिष्ठांना सांगितलं. बरंच ऐकून घ्यावं लागलं. नफा कमी जाहीर झाला, शेअर आपटला. नोकरी अजून आहे, किती दिवस ते माहीत नाही.

परवा नवा अहवाल सरांच्या नावाने पोस्टाने आला, म्हणून काकूंनी बोलावलं. मी खिशात पेन्सिल घेऊनच गेलो. सरांच्या वतीने तो एक शब्द लिहायची फार इच्छा होती. सरांच्या कपाटातून तो जुना अहवाल काढला, शेवटचं पान उघडलं. आकड्याखाली सरांच्याच तिरक्या अक्षरात लिहिलं होतं... 'चुकलो'.

त्या दिवशी तो शब्द तिथे होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आकडा बघूनच माझा धीर सुटला होता. माझ्यावर विश्वास ठेवून सरांनी तो आधीच लिहिला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. काकूंना विचारायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात त्या न सांगताच चहा घेऊन आल्या, आणि दोन कप टेबलावर ठेवून गेल्या. काकू चहा पीत नाहीत.