खापरांवरची मोडी

यामिनी टूनगॅबी या उपनगरात राहते. बावीस वर्षं तिने सिडनीत पुलांची डिझाइन्स केली. गेल्या वर्षी नोकरी सोडल्यावर ती युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये आठवड्यातून दोन दिवस व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागली. जुन्या वस्तू ब्रशने साफ करायच्या, फोटो काढायचे, नंबर टाकायचे.

मार्चमध्ये तिच्यापुढे खापरांचं एक खोकं आलं. १९२४ साली खानदेशात तापीकाठच्या एका टेकाडावर उत्खनन झालं होतं. ते करणाऱ्या ऑस्ट्रेलियन साहेबाने ही खापरं सोबत आणली होती. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला काळ्या शाईच्या रेघोट्या होत्या. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, 'नक्षी, अर्थ अज्ञात'.

यामिनी पुण्यात कॉलेजला असताना दोन उन्हाळे मोडीच्या वर्गाला गेली होती. पहिलं खापर वाचायला तिला अर्धा तास लागला : 'खड्डा चौथा, सात फूट. धोंडी कोळिणीस सापडले.'

"ही नक्षी नाही, मराठी आहे," तिने क्युरेटर ब्रॉनविनला सांगितलं. "कुठे, कुणाला सापडलं ते कारकुनाने लिहून ठेवलंय."

ब्रॉनविन खुर्ची ओढून बसली. "सगळी वाचशील?"

एकशे अकरा होती. तिसऱ्या आठवड्यात एका खापरावर शाई ठळक निघाली आणि यामिनीने पहिलं खापर पुन्हा काढून पाहिलं. नाव धोंडी नव्हतं, कोंडी होतं. म्युझियमच्या वेबसाइटवर तर धोंडी लागून गेलं होतं.

"शंभर वर्षांनी त्या बाईचं नाव लागलं, आणि तेही मी चुकवलं," ती घरी नवऱ्याला म्हणाली.

"मग उद्या जाऊन सांग," शिरीष म्हणाला.

तिने सांगितलं. ब्रॉनविन "नो वरीज" म्हणाली आणि तिथेच दुरुस्ती केली. पण यामिनीने सगळे फोटो पुण्याच्या आपल्या जुन्या सरांना पाठवले. त्यांनी आणखी दोन चुका काढल्या.

यादी पक्की झाल्यावर चौथ्या खड्ड्याची, सात फुटांवरची खापरं ब्रॉनविनने एका टेबलावर मांडली. नऊ होती, सगळी कोंडीची. दुपारभर दोघी ती फिरवून फिरवून लावत होत्या. सात जुळली. काठावर काळी हरणं असलेला अर्धा वाडगा तयार झाला.

ऑगस्टमध्ये तो काचेच्या कपाटात गेला. खालच्या पाटीवर साहेबाचं नाव आहेच, त्याच्या वर 'कोंडी कोळिणीस सापडला' असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलंय. मराठी अक्षरं यामिनीने स्वतः तपासली, दोनदा.