तोंडातलं तुळशीचं पान

आज खोकल्याच्या काढ्यासाठी आईनं तुळस खुडली आणि त्या वासानं मी थेट त्र्यंबकच्या रस्त्यावर जाऊन पडले! खरंच सांगते, हातातलं भांडं हातातच राहिलं.

लहान होते मी. आमची मोटर उलटली होती आणि सगळ्या जखमींना आंब्याखाली ओळीनं निजवलं होतं. माझ्या शेजारी लासलगावची मावशी होती. नात्यातली नाही हं, मोटरीतच ओळख झालेली. "पोरी, खिडकीतून वाकू नको गं," म्हणत तिनं वाटभर माझं मनगट धरून ठेवलेलं. आताही धरलेलंच होतं.

तेवढ्यात एक म्हातारी यात्रेकरू आली. निपचित पडलेले सगळे गेलेच, असं वाटून तिनं बिचारीनं त्यांच्या तोंडात तीर्थ आणि तुळशीचं पान घातलं. आम्हा दोघींच्याही. मग गावकरी आले. बैलगाडी एकच.

"तुळस घातलेली मान्सं ऱ्हाऊ दे. जिती आधी उचल."

"अरं, ही पोरगी पान चावती!"

"मेलेलं चावंल व्हय? उचल, उचल तिला!"

"मावशीला पण घ्या ना," मी पुटपुटले.

"येती ती मागनं," असं म्हणून एक गावकरी तिची बोटं माझ्या मनगटावरून सोडवायला लागला.

मावशी मागनं आलीच नाही.

तेव्हा मला वाटलेलं, किती हट्टी आहे ही! आता मात्र अंगावर काटा येतो. कारण त्यानं सोडवलेलं बोट परत माझ्या मनगटावर येऊन घट्ट मिटत होतं.