वाडीवाला आणि माझी फळी

यंत्रानं चूक दाखवली की वाडीवाला खूश व्हायचा. आमची बाकीच्यांची तऱ्हा उलटी. पडद्यावर एरर उमटला की आम्ही एखादी शिवी हासडून मशीन बंद करायचो आणि पुन्हा चालू करायचो. हा मात्र खुर्ची पुढे ओढून ती चार ओळींची रड शेवटपर्यंत वाचायचा. "काय कमी हाय ते तोच सांगतोय ना, सर. ऐकून तर घ्या," म्हणायचा. दर वेळी माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

वसईत एका भांड्यांच्या दुकानावर आमचं सहा जणांचं ऑफिस होतं. शाळांची वेळापत्रकं आणि निकालपत्रकं काढणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. साल दोन हजार सात-आठ, लोडशेडिंग ऐन भरात. तो जवळच्या वटार गावचा, घरची केळीची वाडी, म्हणून वाडीवाला. सोमवारी पिशवीभर केळी आणायचा आणि रोज घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत. मी राहायला विरारला मनवेलपाड्यात, चौथ्या मजल्यावर. आमच्या इमारतीत शनिवारी संध्याकाळी टँकर यायचा, आणि तेव्हा घरचं माणूस खाली उभं नसलं तर आठवडाभर पिंप कोरडं. बायकोची ड्यूटी आठपर्यंत, म्हणून ते माणूस मी. वाडीवाल्याच्या बाटलीतलं पाणी गोड लागायचं, याचाही मला राग यायचा.

तो येईपर्यंत ऑफिसात माझा मोठा मान होता. कुणी कधी कुठली ओळ बदलली याची नोंद ठेवणारं मुख्य मशीन माझ्या टेबलाशेजारच्या कपाटात असायचं आणि किल्ली माझ्याकडे. शिवाय माझी फळी होती. प्लायवूडवर खिळे, खिळ्यांवर प्लास्टिकची टोकनं, प्रत्येक टोकनावर एकेका फाइलचं नाव. ज्याला फाइलमध्ये बदल करायचा त्यानं मला विचारून टोकन न्यायचं, काम झालं की आणून लावायचं. टोकन नसेल तर थांबायचं. खरं तर यंत्राला या फळीची काही गरज नव्हती. गरज मला होती. दिवसातून वीस वेळा "सर, निकालपत्रक घेऊ का?" असं कुणी विचारलं की बरं वाटायचं. दर शनिवारी त्या मशीनवरच्या सगळ्या कामाची नक्कल सीडीवर काढून ठेवणं, हेही माझंच काम.

वाडीवाल्यानं आल्या आल्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर एक नवी गोष्ट चढवायला घेतली. गिट-एसव्हीएन तिचं नाव. काळ्या पडद्यावर हातानं आज्ञा टाइप करायच्या, माउसचा संबंध नाही. पहिल्या आज्ञेला तिनं अमुक नाही म्हणून सांगितलं. ते आणल्यावर तमुक नाही. हा प्रत्येक नाव वहीत उतरवून संध्याकाळी सायबर कॅफेत जायचा आणि सकाळी पेनड्राइव्हवर घेऊन यायचा. तिसऱ्या दिवशीही ते चालेना, तेव्हा मी चहावाल्याला सांगून सगळ्यांना कटिंग पाजला. चौथ्या दिवशी ते चाललं.

"हे आपल्या मशीनशीच बोलतं, सर," तो म्हणाला. "फक्त पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास इथं आणून ठेवतं. मग लाइट असो नसो."

दुपारी वीज गेली. दहा मिनिटांत यूपीएसनं मान टाकली आणि आम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलो. हा आत बॅटरीवर काम करत बसला. वीज आल्यावर त्यानं एक आज्ञा दिली आणि त्याच्या दुपारच्या अकरा नोंदी एकामागोमाग एक माझ्या कपाटात जाऊन पडल्या. फळीवरची सगळी टोकनं जागच्या जागी होती. त्यानं एकही मागितलं नव्हतं. मला ते बघवेना.

हळूहळू पोरं त्याच्या खुर्चीमागे उभी राहायला लागली. नवीन काही करायचं तर तो आधी कामाची वेगळी प्रत काढायचा, तिला फांदी म्हणायचा. "झाडाला हात लावायचा नाय, कलम करून बघायचं. बिघडलं तर कलम जाईल." हे वाक्य पोरं माझ्यासमोर एकमेकांना ऐकवायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी मी साहेबांकडे जाऊन, असल्या बाहेरच्या गोष्टींनी मशीन बिघडेल असं सांगितलं आणि नियम करून घेतला, की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझ्या परवानगीशिवाय काहीही चढवायचं नाही. बिघडेल याला माझ्याकडे कसलाही आधार नव्हता. वाडीवाला फक्त "बरं सर" म्हणाला. लॅपटॉप त्याचा स्वतःचा होता, तो त्याच्यावर काम करत राहिला.

सप्टेंबरात एका सकाळी वीज आली ती भडकूनच. कपाटातून जळका वास आला. मुख्य मशीनची डिस्क गेली, आणि तिच्याबरोबर आमचं सहा वर्षांचं काम.

साहेब शांतपणे म्हणाले, "शनिवारची सीडी काढ."

शेवटची सीडी मे महिन्यातली होती. सीडीला तास लागायचा आणि टँकर सहाला यायचा. एक शनिवार चुकवला, काही झालं नाही, मग सगळेच चुकवले. मी कपाटाची किल्ली हातात घेऊन उभा राहिलो. आता नोकरी जाणार, हे मला दिसत होतं.

"साहेब, सीडी राहू दे," मागून वाडीवाला म्हणाला. "माझ्याकडे शनिवारपर्यंतचं सगळं हाय. सीडीपेक्षा ताजं."

तीन दिवसांत त्यानं पहिल्या नोंदीपासून सगळं पुन्हा उभं केलं. सीडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी त्याचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. उलट आता त्याच्या हुशारीबरोबर त्याच्या चांगुलपणावरही जळायला लागलो.

पुढच्या वर्षी त्याला बंगळुरात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी त्यानं आपली छोटी छोटी कामं मुख्य मशीनवर ठेवली आणि विचारलं, "सर, ते गिटचं तुमच्या मशीनवर टाकून देऊ?"

"मला येतं," मी म्हणालो. येत नव्हतं. त्यानं केळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि गेला.

दोन महिन्यांनी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मी ते चढवायला बसलो. एरर आला. शिवी गिळून शेवटपर्यंत वाचला आणि जे नव्हतं ते आणलं. मला सहा दिवस लागले. मग सवय व्हावी म्हणून त्याच्याच फाइलींचा इतिहास चाळू लागलो. त्यात 'शनिवार' नावाची पाच ओळींची एक फाइल होती. दर शनिवारी सहा वाजता मुख्य मशीनवरचं सगळं आपोआप लॅपटॉपवर आणून ठेवायचं, एवढंच तिचं काम. पहिली नोंद जूनमधली, डिस्क जळायच्या तीन महिने आधीची. नोंदीसोबत त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं : "शनिवारी सरांकडे टँकर येतो. त्यांना सीडीला वेळ मिळत नाही. म्हणून हे."

टँकरचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. शनिवारी बायकोचा फोन आला की मी जे दबक्या आवाजात बोलायचो, ते त्यानं ऐकून घेतलं असणार.

आता आमच्याकडे नळाला पाणी येतं. फळी मी कधीच काढून टाकली. 'शनिवार' अजून माझ्या मशीनवर सहाला चालतो, त्या ओळी मी बदललेल्या नाहीत. आणि मी त्याच्यावर जळतो अजूनही. दोन वर्षं तो माझ्या शेजारी बसला. त्याला माझा शनिवार माहीत होता. मला त्याच्याबद्दल काय माहीत होतं म्हणाल, तर केळी.